सुभेदारसाहेबांची माणसं

कुठलीही छोटी वस्तू हातात घेण्याआधी सुभेदारसाहेब वाकत, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवत आणि एक डोळा मिटून तिच्याकडे समोरून बघत. साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीच्या गणवेशातला माणूस असा वाकलेला पाहून नवख्याला वाटे, यांचं काहीतरी हरवलंय. ते माप घेत असत. "वरून बघितलं की सगळेच बुटके दिसतात," असं त्यांचं म्हणणं.

गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीत ते सिक्युरिटी सुपरवायझर होते. मूळचे सातारा जिल्ह्यातले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. माझ्या बोलण्यात 'अच्छा' आणि 'बिल्कुल' इतक्या वेळा येई की पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कुठल्या?"

ओळख झाली ती बाटलीच्या बुचांमुळे. रविवारी सकाळी आम्ही चौघं मित्र क्लबहाउसमध्ये एक खेळ खेळायचो. एकजण गोष्ट रचून सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि अडचण आली की फासे टाकून निकाल लावतात. कोण कुठे उभं आहे ते दिसावं म्हणून टेबलावर अंगठ्याएवढी माणसं मांडायची असतात. खेळणारे त्यांना मिनी म्हणतात. तलवारवाले सरदार, राक्षस, ड्रॅगन हवे तेवढे मिळतात. पण आमच्यात गोष्ट सांगायचा तो माझ्या ऑफिसमधला अर्णब, आणि त्यानं अंतराळ स्थानकावरची गोष्ट काढली होती. तिच्यातले डॉक्टर, मेकॅनिक, साधे प्रवासी आम्हाला दिल्लीत कुठे मिळेनात. परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलेलं. म्हणून आम्ही बुचं मांडली होती.

राउंडवर आलेले सुभेदारसाहेब थांबले आणि वाकून बघू लागले.

"हे कोण?"

"डॉक्टर," मी म्हणाले.

"तोंड कुठल्या बाजूला आहे त्याचं?"

मी हसले. ते हसले नाहीत. "बुचाला पाठ नसते, ताई. पाठच नसली तर मागून कोण आलं ते कळणार कसं?"

मग कळलं की फौजेत त्यांनी बरीच वर्षं सँड मॉडेलं केली होती. मोठ्या पेटीत वाळू पसरून तिच्यात डोंगर, नाले, रस्ते उभे करायचे, म्हणजे कुणी कुठून पुढे जायचं ते साहेब लोकांना जवानांना दाखवता येतं. अर्णबला मी हे हिंदीत सांगितलं तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "ड्यूटीवर आहे," म्हणून ते निघून गेले. पण त्यांनी आपली आठवड्याची सुट्टी रविवारवर घेतली आणि पुढच्या खेपेला साध्या शर्टात येऊन बसले.

त्यानंतर सुट्टीच्या दुपारी ते आणि मी मेट्रोनं करोल बागेत जाऊ लागलो. खिशात मापासाठी आमच्या मिनींमधला एक तलवारवाला सरदार असे. खेळण्यांच्या दुकानात दुकानदार पिळदार दंडांचे, झगेवाले पुतळे पुढे करी. सुभेदारसाहेब शांतपणे सांगत, "हीरो नहीं चाहिए. आदमी दिखाइए." दुकानदाराला ते कळत नसे. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात डॅशबोर्डवर चिकटवायची माणसं मिळाली, पण त्यांची डोकी भोपळ्याएवढी. केकवर लावायचे नवरा-नवरी मापात बसले, पण नवरीचा घागरा अंतराळात चालेना. शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात, जिथे आर्किटेक्चरचे विद्यार्थी इमारतींच्या नमुन्यांसाठी पुठ्ठे आणि झाडं घेतात, पांढऱ्या प्लास्टिकच्या माणसांचं पाकीट सापडलं. चेहरे नाहीत, कपडे नाहीत, नुसती उभी. त्यांनी एक माणूस काउंटरवर ठेवला, सरदाराशेजारी. बराच वेळ बघून म्हणाले, "हा होईल काहीही."

आणि तो झाला. गोळ्यांच्या पाकिटावरचा फुगीर बुडबुडा कापून हेल्मेटची काच, बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे कापून प्राणवायूच्या नळ्या, बाकी सगळं पुट्टीचं. प्रत्येक माणसाला ते काहीतरी सामान देत. डॉक्टरला पेटी, मेकॅनिकला पान्हा, प्रवाशाला वळकटी. अंतराळात वळकटी कोण नेतं, असं मी विचारलं. "सामान दिसलं की माणूस कुठून आला, कुठं चाललाय ते दिसतं," ते म्हणाले. एकदा त्यांनी बादली आणि फडकं घेतलेली एक बाई करून आणली. अर्णब म्हणाला, माझ्या गोष्टीत अशी कुणी नाही. "मग तिथला कचरा कोण काढतं?" सुभेदारसाहेबांनी हिंदीत विचारलं. अर्णबनं तिला टेबलावर उभी केली. पुढच्या महिन्यात तीच बाई गोष्ट पुढे नेऊ लागली, कारण स्थानकातले सगळे बोळ फक्त तिला माहीत होते.

एका गोष्टीवर मात्र ते कडक होते. पात्र मेलं की खेळणारे त्याचा मिनी आडवा पाडतात. त्यांना ते चालत नसे. "पाडायचं नाही. उचलून घ्या." का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मेट्रोत, उभ्या उभ्या. "मॉडेल मोडायला अर्धा तास लागतो. एकदा मला तीन दिवस लागले. त्यावर वाट दाखवलेली काही पोरं परत आली नव्हती." मग राजीव चौक स्टेशन आलं आणि गर्दीत आम्ही वेगळे झालो.

पुढे कुणीतरी आमच्या टेबलाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, स्टाफ क्लबहाउसमध्ये बसून गेम खेळतो. समितीनं मला बोलावलं. मी तयारी करून गेले होते. फोटोच्या दिवशी सुभेदारसाहेबांची सुट्टी होती, ते गणवेशात नव्हते, हे सगळं सांगणार होते. सेक्रेटरींनी एकच प्रश्न विचारला. "वो आपके गेस्ट थे या स्टाफ?"

पाहुण्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. मी कधी लिहिलं नव्हतं. कोपऱ्यात एसी चालू होता, आणि सहाजण माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हेल्प के लिए बुलाया था."

सेक्रेटरींनी मान डोलावली. स्टाफला खासगी कामाला लावलं म्हणून मला समज मिळाली. सुभेदारसाहेबांना त्यांच्या एजन्सीनं मानेसरच्या एका गोदामावर पाठवलं.

पंधरा दिवसांनी मी तिथे गेले. गेटवर पत्र्याची केबिन, समोर ट्रकांची रांग. त्यांनी स्टुलावरचं रजिस्टर उचललं आणि स्टूल मला बसायला दिलं.

"तुम्ही नक्की काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"पाहुणा म्हणता आलं असतं."

"हो."

त्यांनी चहा मागवला. ट्रकांबद्दल बोलले, पायदुखीबद्दल बोलले. निघताना मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि रिक्षावाल्याला माझा पत्ता नीट समजावून सांगितला. त्या हिवाळ्यात नोकरी सोडून ते गावी गेले. आमचा खेळही हळूहळू थांबला.

दीड वर्षानं त्यांचा फोन आला. गावातून नवा रस्ता जाणार होता. नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावला होता, पण कुणाला काही उमगत नव्हतं. म्हणून शाळेच्या मैदानात त्यांनी वाळूचं गाव उभं केलं होतं. "घरं झाली, ओढा झाला, विहीर झाली. बाप्ये आहेत माझ्याकडं. बायका नाहीत. बघा की तिकडं."

मी करोल बागेत गेले. जिन्याखालचं दुकान होतं. तिथल्या पाकिटातल्या बायका उंच टाचांच्या, खांद्याला पर्स लावलेल्या. दोन पाकिटं घेऊन मी घरी आले आणि पुट्टी मळायला बसले. याआधी मी एकही माणूस स्वतः केला नव्हता. टाचा कापल्या, पदर लावले, कमरा वाकवल्या. एकीच्या डोक्यावर पाटी दिली, दोघींना कडेवर घडे. चार बिघडल्या. अकरा कुरिअरनं पाठवल्या.

ग्रामसभेनंतर त्यांनी फोन केला. बायका मैदानात आल्या होत्या, म्हणाले. नकाशाकडे कधी फिरकल्या नव्हत्या. एका म्हातारीनं घडेवाली उचलली, घरापासून विहिरीपर्यंत चालवत नेली आणि मध्ये वाळूतला नवा रस्ता आला तिथे थांबली. इंजिनिअरला विचारलं, इथून पुढं हिनं जायचं कसं? इंजिनिअर वाळूशी खाली वाकला. मग त्यानं वहीत लिहून घेतलं.

"रस्त्याखालून वाट ठेवतो म्हणालाय," सुभेदारसाहेब म्हणाले. "बघू."

मी विचारलं, माझं काम कसं झालं होतं.

"दोघींचे गुडघे चुकलेत," ते म्हणाले. "पण पाटीवाली बघून बायका म्हणाल्या, ही तर आपली रखमा."