आबांची हाक बंद झाली

सुक्या मिरचीचा ठसका लागला की मला दोंडाईच्यातलं ते मिरचीचं अडत दुकान आठवतं. मी तिथं कामाला होतो आणि तिथल्या कॉम्प्युटरवरचा मॅक्रो, म्हणजे मालाची नोंद आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, मी लिहिला होता. माल आला की पडद्यावर चौकट उघडायची आणि दुकानाचे म्हातारे मालक, आमचे आबा, एका बोटानं गाडीचा नंबर टाकायचे. मध्येच स्पेस दाबायचे, अर्धे आकडे मराठीत टाकायचे आणि माझा मॅक्रो 'चुकीची माहिती' म्हणून अडून बसायचा. मग हाक यायची, "भाऊ, हाई काय म्हनी ऱ्हायनं?" मी ऐटीत उठायचो. पुढे चाळीसगावची एक मुलगी कामाला आली. तिनं त्यात चार ओळी घातल्या, आणि मॅक्रो स्वतःच स्पेस काढायला, आकडे बदलायला लागला. दिवसभर मला हाक नाही. दुपारी आबा हात धुवायला गेले तसा मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि तिचं काम मोडावं म्हणून नंबरात जमेल तेवढी घाण केली. सगळं निमूट साफ झालं. शेवटी चौकट रिकामीच ठेवून एंटर मारलं. पडद्यावर आलं, 'आबा, गाडीचा नंबर राहिला.' मागे आबा ओल्या हातांनी उभे होते. "देख ना," ते हरखून म्हणाले, "हाई माले आबा म्हनस!" आजही घरात कुणाच्या फोनवर 'चुकीची माहिती' आलं की सगळे वैतागतात, मी मात्र हातातलं काम टाकून हाकेची वाट बघतो.