उणे चाळीसचे तुकडे

धुळ्याच्या कॉलेजात पीएचडी करत होते, तेव्हा बाहेर मे महिन्याचं ऊन तापलेलं असायचं आणि आत मी पोलाद उणे चाळीस अंशांपर्यंत गार करून तोडत बसायचे. थंडीत पोलाद किती जोर सोसून तुटतं, हा माझा विषय. गार करायला लागणारा द्रवरूप नायट्रोजन गायींच्या कृत्रिम रेतन केंद्रातून यायचा, त्यामुळे जळगावला आमच्या घरी माझ्या शिक्षणाबद्दल बरेच गैरसमज होते.

प्रयोगशाळेतले मदतनीस नाना निवृत्तीला आले होते. नायट्रोजनने उणे चाळीसपर्यंत गार केलेल्या द्रावणातून बोटाएवढा तुकडा चिमट्याने उचलून ते यंत्रात ठेवायचे आणि पाच सेकंदांच्या आत लंबकाचा जड हातोडा त्यावर सोडायचे. उशीर झाला तर तुकड्याची थंडी उतरते आणि तो जास्त जोर खातो.

माझे आकडे काही जुळेनात. सगळे तुकडे एकाच पोलादी प्लेटमधून कापलेले, तापमान तेच. पण एक तुकडा काचेसारखा तटकन तुटायचा, तर दुसरा तिप्पट जोर खायचा. नानांचा हात जरा थरथरायचा. एकदा मी बोलून गेले, "नाना, तुमच्याकडून उशीर होतोय बहुतेक."

त्यांचा चेहरा उतरला. चिमटा पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. "ताई, तुम्ही ठेवा. मी सेकंद मोजतो."

दोन दिवस मी तुकडे ठेवले, नानांनी मोबाइलवर वेळ धरली. चार, चार, तीन, पाच. आकडे मात्र तसेच विखुरलेले. मग त्यांची आणि माझी मोजमापं एकाच आलेखावर मांडली, तर कुठली कोणाची ते ओळखू येईना. फरक हाताचा नव्हताच. त्या तापमानाला पोलादच तसं वागत होतं. आतला बारीकसा दोष नेमका कुठे आहे, यावर सगळं ठरत होतं. नुसती सरासरी सांगून भागणार नव्हतं, किती जोराला किती तुकडे तुटण्याची शक्यता आहे ते सांगायला हवं होतं. माझा प्रबंध खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

नाना डबा उघडत होते तेव्हा मी जवळ गेले. "माझं चुकलं, नाना."

"जाऊ द्या. मंग कोनता आकडा खरा शे?"

"सगळेच."

"बठ्ठाच?" ते मनापासून हसले आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, अर्धी भाकरी, वर ठेचा घालून, माझ्यापुढे ठेवली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, तरी मी ती सगळी संपवली.