नावांच्या मधलं गाणं

“न्हाई मॅडम, नुसतं नाव पुकारून जमत न्हाई. नाव घेतलं की मागून ढोलकीची थाप लागतेच. थापेबिगर नाव म्हन्जे, कसं सांगू तुमाला, फोडनीबिगर वरन. हाव. तुमचे शेठ दाळीतलेच हायत ना, त्याह्यला सांगा, बरोबर समजतंय.”

पंढरी खिल्लारेनं फोन कानावरून काढला, बनियनला पुसला आणि आमच्याकडं बघत म्हणाला, “इचारून सांगते म्हन्ली.”

इस्लापुरात लाइट गेली होती म्हणून गिरणी बंद होती, आणि गिरणी बंद होती म्हणून आम्ही आपापल्या दळणाच्या डब्यांशेजारी बसून हे ऐकत होतो. एरवी पट्टा फिरायला लागला की पंढरीचा फोन पंढरीलाच ऐकू येत नाही.

दाराजवळच्या ज्वारीच्या पोत्यावर धम्मानंद बसला होता. पायाशी बॅग, डोळे रस्त्याकडं. धम्मानंद म्हणजे पंढरीच्या गायन पार्टीतला ढोलकीवाला. त्याच्या मेहुण्यानं हैदराबादेत एका बिल्डिंगीवर वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती आणि आज निघायचं ठरलं होतं. लातूरहून मॅडमचं ‘हाव’ आलं तर बॅग घरी जाणार, ‘न्हाई’ आलं तर बॅग हैदराबादेला आणि पार्टी मातीत. पेटीवाला कुठंबी भेटतो. ढोलकी तशी भेटत नाही.

“लोकाह्यला वाटतं मी तालात गातो,” पंढरी आम्हाला म्हणाला. “मी कायचा तालात गातो! मी जसा गाईन तसा ताल ह्यो मागून बनवतो. ह्यो गेला की माझं पितळ दुसऱ्याच दिवशी उघडं पडतंय.”

“पयल्या दिवशीच पडंल,” पडद्यामागून सरजाबाई बोलल्या. त्या पंढरीच्या घरवाल्या. गिरणी आणि घर यांच्यामधे एक पडदाच काय तो आहे, आणि त्यातून सगळं ऐकू जातं.

पंढरीचं गाणं कुणाकडून आलं असं विचारलं तर तो गिरणीकडं बोट दाखवतो. बापाची गिरणी. दहावीत बसायच्या आधीच हा तिच्यामागं उभा राहिला. दिवसभर आवाज एवढा की स्वतःशी बोलायचं तरी वरडावं लागायचं. वरडून वरडून गळा मोकळा झाला, मग जयंतीला विहारापुढं गायला लागला, मग शेजारच्या गावांतून बोलावणी यायला लागली. गाणी स्वतःच बांधतो. त्यातलं सगळ्यात चालणारं हे:

‘दिवा मोठा कर माय, पोरगी वाचाय बसली.’

एवढी एक ओळ सुरू झाली की आमच्या तालुक्यातल्या बाया पदर सावरून पुढं सरकतात. पंढरी त्याचंही श्रेय घेत नाही. म्हणतो, “त्याह्यला वाटतं दळन लवकर भेटंल.”

दोन वर्षांमागं सहस्रकुंडाचा धबधबा बघायला आलेली एक गाडी रस्ता चुकून गिरणीपुढं थांबली. त्यातून मृण्मयी मॅडम उतरल्या, रस्ता विचारायला. आत पट्टा फिरत होता आणि पंढरी त्याच्यावरून गात होता. बाई उंबऱ्यातच उभी राहिली. केस पिठानं पांढरे झाले तरी हलेना. शेवटी सरजाबाईंनी विचारलं, “बाई, गहू हाय का ज्वारी?”

मॅडम लातूरच्या उमादेवी प्रतिष्ठानात होत्या. श्रीनाथशेठ म्हणून डाळमिलवाले आहेत, त्यांनी आईच्या नावानं काढलेलं. कलावंतांना मदत करायची, कार्यक्रम घ्यायचे, असं काम. मॅडम म्हणाल्या, “दादा, तुमचा आवाज मातीतला आहे.”

“मातीतला न्हाई मॅडम,” पंढरी म्हणाला, “पिठातला हाय. शिंकलो की कळतंय.”

तरी लातूरचं बोलावणं आलंच. पंढरीच्या पार्टीची रेकॉर्डिंग होणार, ती समितीला दाखवणार, समितीला पसंत पडलं तर पंढरीला आणि धम्मानंदला दर महिन्याचं मानधन बांधून देणार. धम्मानंदचं तेव्हा नवं नवं लग्न झालं होतं. बायकोनं त्याच दिवशी शेजारणीला सांगून टाकलं की आमचे हे आता सरकारी झाले.

“मी लोककलावंत हाय हे मला लातूरला गेल्यावर कळलं,” पंढरी सांगतो. “तवर मी गिरनीवाला व्हतो. तिथं मागं बॅनर लावलेलं, ‘लोप पावत चाललेल्या कला’. अन् त्याच्याखाली आमाला बसिवलं. मी धम्मानंदला म्हन्लं, बाबा, मी लोप कुटं पावून राहिलो? पोट तर वाढून राहिलं!”

सुरू व्हायच्या आधी मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या. एक, गाणं सलग पाहिजे, मधे थांबायचं नाही, रेकॉर्डिंग चालू आहे. दुसरी, शेठचं नाव घ्यायचं नाही. त्यांच्या आईची शिकवण होती, या हातानं दिलेलं त्या हाताला कळू नये. शेठ पहिल्या रांगेत हात बांधून, मान खाली घालून बसले होते. एवढा नम्र माणूस पंढरीनं पहिल्यांदाच बघितला म्हणे.

आता आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं गाणं रंगात आलं की कुणीतरी उठतो, स्टेजजवळ जातो आणि नोट धरतो. त्यासरशी गाणं थांबतं. पेटीवाला एकच सूर धरून ठेवतो. गाणारा त्या माणसाचं नाव, गाव, हुद्दा, असेल ती पदवी, नसेल तर बापाचं नाव, सगळं खणखणीत पुकारतो. ढोलकीची थाप पडते. मग ज्या शब्दावर सोडलं तिथूनच गाणं पुढं. नोट घेतली आणि नाव नाही पुकारलं तर त्यासारखी बेइज्जती नाही. देणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची. आमच्याकडं गुपचूप देतो तो पुढाऱ्याचा माणूस आणि गुपचूप घेतो तो चोर.

तर लातूरच्या त्या गार हॉलात पंढरी गायला लागला. एसीनं घसा थिजला होता, पण दुसऱ्या कडव्याला मोकळा झाला. ‘दिवा मोठा कर माय’ म्हणून त्यानं सूर वर नेला आणि चौथ्या रांगेतून राघवेंद्र सर उठले. सर जन्मभर आमच्या इस्लापुरात शिकवून रिटायर झाले आणि लेकाकडं लातूरला राहायला गेले. इतक्या दिवसांनी गावचं गाणं कानावर पडलं, माणूस विसरला की आपण लातुरात आहोत. सरळ स्टेजपाशी आले आणि नोट धरली.

“मॅडम कोपऱ्यातून हात हालवून राहिल्या, न्हाई न्हाई,” पंढरी म्हणाला. “मला दिसलं. मी काय आंधळा व्हतो? पन ज्या मान्सानं मला पाढे शिकिवले, त्याची नोट मी मुकाट्यानं खिशात घालू? शेवटी मनाला म्हन्लं, एकदाच. एकानं काय हुतंय.”

गाणं थांबलं. पेटीनं सूर धरला. पंढरीनं पिठातला सगळा आवाज काढून पुकारलं, “आमचे गुरुवर्य, इस्लापूरचे आन् आता लातूरचे, राघवेंद्र सर, याह्यच्याकडून पार्टीला सप्रेम भेट!” धम्मानंदनं अशी थाप दिली की हॉलातले पेंगणारे जागे झाले.

आणि तिथंच घोटाळा झाला. लातूरच्या लोकांनी आपलं नाव बँकेत ऐकलं होतं, कोर्टात ऐकलं होतं, लग्नपत्रिकेत वाचलं होतं. पण असं छातीवर थाप मारल्यासारखं कुणी पुकारलेलं ऐकलं नव्हतं. एक क्लासवाले सर उठले. त्यांच्यामागं दुसरे क्लासवाले, पहिल्यांकडं न बघता. मग रविकांतशेठ उठले. त्यांचीही डाळमिल, श्रीनाथशेठच्या मिलला भिंत लागून. त्यांनी नाव पुकारून घेतलं, जागेवर जाऊन बसले, आणि परत उठून मिलच्या नावानं पुकारून घेतलं.

“मी दर वेळंला गानं जिथल्या तिथून उचलायचो,” पंढरी म्हणाला. “‘दिवा मोठा...’ की आला कोनीतरी. ‘कर माय...’ की आला दुसरा. लई वेळ झाला, दिवा काही लागंना. पोरगी बिचारी अंधारातच बसलेली.”

श्रीनाथशेठची मान अजून खालीच होती, पण बांधलेले हात सुटले होते. रविकांतशेठ तिसऱ्यांदा उठले तेव्हा हे झटक्यानं उठले, स्टेजपाशी आले आणि पंढरीच्या कानात म्हणाले, “माझं नको. आईचं घ्या.”

पंढरीनं घेतलं. उमादेवींचं नाव, त्यांचं माहेर, त्यांनी जात्यावर डाळ भरडून उभी केलेली मिल, शेठ कानात सांगत गेले तसं हा पुकारत गेला. शेठ जागेवर परतले तेव्हा रुमाल डोळ्याला होता. पंढरीलाही जरा भरून आलं. पण तोवर रविकांतशेठ परत उठले होते.

“त्याह्यच्या बी आईचं घ्या म्हन्ले,” पंढरी म्हणाला. “मंग काय, आया सुरू झाल्या!”

आमच्याकडं बक्षिसाचा पैसा पार्टीचा. तिथं प्रतिष्ठानच्या माणसानं पेटीवरच्या नोटा तिथल्या तिथं गोळा केल्या आणि पावत्या फाडल्या. पार्टीला छदाम नाही. समितीनं पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग बघितली आणि कळवलं की आवाज चांगला आहे, परंतु सादरीकरणात सलगता नाही. मानधन नामंजूर. धम्मानंदच्या बायकोनं शेजारणीकडं जाणं बंद केलं. तेव्हापासून तो हैदराबादेचं नाव काढायला लागला.

समितीला सलगता दिसली नाही, पण त्या दिवशी पेटीवर काय जमलं ते दिसलं होतं. गेल्या आठवड्यात मृण्मयी मॅडमचा फोन आला. आवाजच सांगत होता की बाईला हे बोलायला बरं वाटत नाही. प्रतिष्ठानच्या प्रत्येक कार्यक्रमाला देणगीदारांची नावं पुकारायला पंढरीदादांनी यावं, असं शेठ म्हणतात. कलावंत दुसरे असतील.

“म्हन्जे कला नापास, घसा पास,” पंढरी आम्हाला म्हणाला. “बँजो वाजवनाऱ्याला म्हनावं, बोटं चांगली हायत, भेंड्या तोडायला ये.”

“तोंडच चालवायचंय ना?” पडदा बोलला. “तेवढंच येतंय आमच्या समीक्षाच्या बापाला. जावा.”

पंढरी जायला तयार होता, पण एका अटीवर. ढोलकी बरोबर पाहिजे, आणि ढोलकीला दर महिन्याला मिळालं पाहिजे. त्याचंच बोलणं आम्ही मघाशी ऐकलं होतं.

फोन वाजला. धम्मानंदनं रस्त्यावरची नजर काढली.

“बोला मॅडम... हाव... हाव... हैदराबादेवाले देतात तेवढं तरी? हाव...” पंढरी बराच वेळ ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “बरं. गानं न्हाई. फक्त नावं. हाव मॅडम, समजलं मला. तुमी काहून वाईट वाटून घेता?”

फोन ठेवून तो धम्मानंदला म्हणाला, “बॅग घरी ठिव जा.”

धम्मानंद उठला नाही. “अन् गानं?”

“अरे, गावात आपन काय करतो? गान्याच्या मधे नावं घेतो. तिथं नावाच्या मधे गानं घेऊ. एक नाव, तुझी थाप, थापेवर माझी गान्याची एक वळ. परत नाव. त्याह्यला वाटंल नावाचीच सजावट हाय.”

“कळंल त्याह्यला.”

“मॅडमला कळंल. त्या न्हाई सांगायच्या. शेठलोक आपल्या नावाची वाट बघत असतेत, मधलं कोन ऐकतंय? कार्यक्रम सरायच्या आत दिवा लावूनच येऊ.”

“आदी लाइट येऊ द्या,” सरजाबाई म्हणाल्या, “मंग दिवे लावा.”

आणि बल्ब लुकलुकला. पंढरीनं खटका दाबला, पट्ट्यानं दोन हिसके दिले आणि फिरायला लागला. पुढचं काही ऐकू येईना. पंढरीनं धम्मानंदला हातानंच पोत्यावरून उठवलं, त्याच पोत्यातली ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली आणि सगळ्यांवरून वरडला, “ज्वारी आदी, गहू मागून! गव्हावाल्यानं घाई करायची न्हाई!”

माझे गहू होते. मी बसलो.