बाबीचा डावा डोळा

बाबी परब रिंगणात उतरला की दोन्ही हात खाली सोडून द्यायचा. बॉक्सिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते हनुवटीपाशी हात धरायला, आणि हा गडी बाजारात भाजी घ्यायला आल्यासारखा उभा. मी आमच्या अंधेरीच्या व्यायामशाळेचा चिटणीस. पहिल्याच दिवशी मी त्याला चांगलं झापलं. त्यानं शांतपणे विचारलं, “हात तोंडासमोर धरलंय तर समोरचो माका दिसतलो कसो, भाऊ?”

त्याचं सगळं बॉक्सिंग ह्या प्रश्नात होतं. ठोसा निघाला की तो बघायचा, आणि फोडणीचं तेल उडताना बाई जेवढी मागे सरते तेवढंच डोकं मागे घ्यायचा. ठोसा हवेत जायचा, तोवर ह्याचा डावा हात समोरच्याच्या नाकावर दोनदा वाजलेला असायचा. उजव्या हातात फार ताकद नव्हती; त्यानं कुणाला आडवं केल्याचं मला फारसं आठवत नाही. दमला तरी समोरच्याला मिठी मारून वेळ काढणं त्याला कमीपणाचं वाटे. जिंकत असला की जरा हसायचाही, ते पंचांना खटकायचं. पण तशी नजर आमच्या सगळ्या उपनगरांत दुसऱ्या कुणाची नव्हती. दिवसभर साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथ चालवून तो संध्याकाळी सरावाला यायचा, आणि त्याला बघायला लोक कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसायचे.

मग एका लढतीत समोरच्याचं डोकं त्याच्या डाव्या डोळ्यावर आपटलं. सूज उतरल्यावर मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “डाव्या डोळ्यासमोर पडदो इल्यासारखो वाटता.”

राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. आमच्या व्यायामशाळेतून तिथवर पोचलेला तो पहिलाच. स्पर्धेआधी डॉक्टर एकेक डोळा झाकून अक्षरांचा तक्ता वाचायला लावत. कुठल्याही शहाण्या माणसानं बाबीला सरळ इस्पितळात नेलं असतं. मी त्याच्याकडून तो तक्ता पाठ करून घेतला.

बाबी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षर त्याला येत नव्हतं. तपासणीचे डॉक्टर म्हणजे माझ्या चष्म्याचेच डॉक्टर. त्यांच्या भिंतीवरचा तक्ता मी वहीत उतरवून आणला. रोज सराव संपला की बाबी घाम पुसत ओळीमागून ओळ म्हणायचा, पोरं पाढे म्हणतात तशी. तपासणीत तो एकही अक्षर चुकला नाही. मी इतका खूश झालो की त्याला उडप्याकडे नेऊन डोसा खाऊ घातला. हे लिहितानाही मान खाली जाते.

समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडून येतो. स्पर्धेत तो बाबीला दिसलाच नाही. ज्याला त्यानं एरवी खेळवला असता, त्याच्याकडून तो नाक फोडून घेऊन आला. पुढच्या वर्षभरात आणखी चार जणांकडून हरला. हात मात्र खालीच; नजरेवर उभा राहिलेला खेळ, नजर गेल्यावर त्याला दुसरा येईना. रस्त्यानं चालताना डावीकडून येणाऱ्या माणसांना तो धडकू लागला. एकदा भर गर्दीसमोर दोन फेऱ्यांच्या मध्ये डावीकडे ठेवलेलं स्टूल न दिसून खाली जमिनीवरच बसला. दिवस दारूबंदीचे. बाबी हातभट्टीची घेतो, असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणू लागले. मला विचारलं की मी नुसता उसासा टाकायचो. लोकांना तेवढं पुरे व्हायचं, आणि मला ते सोयीचं होतं. डोळ्याचं सांगितलं असतं, तर तक्त्याचंही सांगावं लागलं असतं.

शेवटी कार्यकारिणीनं त्याला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, पितोस की नाही? ठराव लिहायला मीच बसलो होतो. बाबीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दौतीत टाक बुडवला.

“तुमका काय लिवचा असात ता लिवा,” तो म्हणाला.

दारूच्या व्यसनामुळे नाव कमी करण्यात येत आहे, असं मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. बाहेर तो माझ्यासाठी थांबला होता. माझी नोकरी सरकारी, बोभाटा झाला तर ती जाईल, म्हणून आपण बोललो नाही, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं. आधी सुटल्यासारखंच वाटलं. आठवड्याभरात ही गोष्ट साकीनाक्याला पोचली आणि कारखान्यानंही त्याला घरी बसवलं.

बाबी पुढे बरीच वर्षं जगला, मिळेल ते काम करत. तो गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्या चाळीत गेलो. गॅलरीत शेजारी बसले होते. दारूनं चांगला माणूस खाल्ला, असं त्यांचं चाललं होतं. आतून त्याची बायको आली, माझ्यासमोर उभी राहिली.

“भावजीनू, हेंनी कधी थेंबपण तोंडात घेतल्यानी नाय. तुमका ठावक आसा. ह्या माणसांका एकदा सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “जाऊ दे वैनी, आता गेलेल्या माणसाचं काय बोलायचं.” आणि चपला घालून जिना उतरलो.

त्या गॅलरीतलं आता कुणी उरलं असेल की नाही, मला माहीत नाही. बाबी परब दारू पीत नव्हता. त्याचा डावा डोळा गेला होता, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.