गंगेचं गार पाणी आणि माझा स्कॅन

माझ्या मानेला पहिली गाठ आली तेव्हा आत्या म्हणाली होती, "अवधाण असेल. बसेल." ते बसलं नाही. त्याचं नाव लिम्फोमा निघालं. लसीकाग्रंथींचा कॅन्सर. इंग्रजी शाळेत मी या ग्रंथींची रंगीत आकृती काढून चांगला शेरा मिळवला होता, पण त्यांना मराठीत काय म्हणतात ते मला हॉस्पिटलच्या फाईलमुळे कळलं.

केमो संपली होती. केस बोटाच्या पेराएवढे आले होते. उरला होता एक स्कॅन. तो स्वच्छ आला तर मी मोकळी, नाही आला तर आणखी कडक औषधं, पुन्हा पहिल्यापासून. हे वाक्य घरात कुणीच म्हणत नव्हतं. सगळे त्याच्या बाजूबाजूने चालत होते, झोपलेल्या कुत्र्याच्या बाजूने चालावं तसे.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. पंचवटीत राहते. तिच्या सासरी पिढ्यान्पिढ्या यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. एवढं मोठं काम आणि गंगेची अंघोळ नाही, हे तिला पटेना. गोदावरीला आम्ही सगळे गंगाच म्हणतो. आईने सांगितलं की डॉक्टरांनी नदीवर जायचं नाही म्हणून बजावलंय.

"वहिनी, हिला नदीवर जायला बंदी आहे ना? नदीला इकडे यायला नाहीये."

स्कॅनच्या आदल्या संध्याकाळी ती स्कुटीच्या पायाशी पाण्याचा कॅन ठेवून हजर. आईने ते पाणी तिच्यासमोर खळखळा उकळलं. जंतूंना तिने जराही दया दाखवली नाही.

"उकळा, शिजवा, हवं तर फोडणी द्या," आत्या म्हणाली. "पण अंगावर गारच घ्यायचं. गंगेचं पाणी ऊन घेत नाहीत."

"चालेल वन्सं, गार तर गार," आई म्हणाली. दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटलं. पाण्याचा हंडा फडकं बांधून गच्चीवर गेला. नाशिकचा डिसेंबर होता. सकाळी त्या पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर पडला तेव्हा माझ्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. एरवीही फारसा निघत नाही, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मग बाबांनी स्कूटर काढली. स्कॅन सेंटर द्वारकेच्या पलीकडे, आणि द्वारकेच्या तुंबलेल्या चौकात चारचाकी घालणारा माणूस तिथेच रिटायर होतो असं बाबांचं ठाम मत. ओल्या डोक्यावर ओढणी घेऊन मी मागे बसले. आई रिक्षाने आली.

सेंटरमधल्या माणसाने विचारलं, "थंडी वगैरे वाजतेय का?"

"हिला थंडी वाजतच नाही हो, लहानपणापासून," आईने अभिमानाने सांगितलं. माझी बत्तीशी मिटल्या ओठांआड वाजत होती. पण चारचौघांत मी आईला खोटं पाडत नाही.

हातात एक सुई दिली. त्यातून किरणोत्सारी साखर जाते. शरीरात जिथे भूक जास्त तिथे ती जमते आणि फोटोत तो भाग उजळतो. कॅन्सरच्या पेशी खादाड, म्हणून त्या सापडतात. सुईनंतर एका खोलीत तासभर गप्प बसायचं. बोललं तर घशाचे स्नायू साखर खातात. म्हणजे "बोलत जा गं जरा" असं कुणी म्हणणार नाही, अशी ही माझ्या आयुष्यातली पहिली जागा. रोग नसता तर मी त्या खोलीची मेंबरशिप घेतली असती.

दोन दिवसांनी डॉक्टर मॅडमनी संगणकावर फोटो दाखवला. मान, दोन्ही खांदे, पाठीच्या कण्याच्या कडा, सगळं उजळलेलं. आईने माझं मनगट धरलं. बाबा चष्मा पुसायला लागले.

मॅडम मात्र शांत होत्या. "दोन्हीकडे इतकं सारखं आहे... स्कॅनच्या दिवशी सकाळी हिला गारठा लागला होता का?"

आईने बाबांकडे पाहिलं. मग मीच बोलले असावे, कारण आवाज माझा होता. "गंगेच्या पाण्याने अंघोळ केली. पाणी गच्चीवर रात्रभर ठेवलेलं. मग स्कूटर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तान्ह्या बाळांच्या अंगात एक तपकिरी चरबी असते, त्या म्हणाल्या, थंडीत ती साखर जाळून ऊब करते. काही तरुण, बारीक मुलींमध्येही ती टिकून असते. नेमकी मानेत आणि खांद्यांत. "बहुतेक तीच पेटली आहे. पण गळ्याजवळच्या डाव्या हाडाच्या मागे तुझी जुनी गाठ होती. या उजेडात ती मेली आहे की जिवंत, मला दिसत नाही. पुन्हा करू. या वेळी ऊब हवी, आदल्या दिवसापासून." चरबी शांत ठेवणारी एक छोटी गोळीही त्यांनी लिहून दिली.

आत्याला कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे मीच दिवे लावले म्हणा की." मग पदर खोचून उठली. "बघतेच आता कशी थंडी वाजते ते."

दुसऱ्या स्कॅनच्या सकाळी मला दोन स्वेटर, आजोबांची माकडटोपी, शाल आणि वरून गोधडी, असं तयार केलं. पोटाशी गरम पाण्याची पिशवी. बाबांनी आपलं तत्त्व बाजूला ठेवून शेजाऱ्यांची गाडी आणली आणि हीटर पूर्ण फिरवला. आणि द्वारकेला, अर्थातच, आम्ही अडकलो. काचांवर वाफ धरली. बाबांच्या कानशिलावरून घाम गळत होता, आई वर्तमानपत्राने स्वतःला वारा घालत होती, पण वाऱ्याची झुळूक माझ्याकडे येऊ नये म्हणून आत्या मधे तळहात धरून बसली होती. तो तळहात बघून मला हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना.

"हसू नकोस! स्नायू साखर खातील!" आत्या ओरडली.

"अहो, सुई अजून दिलीच नाहीये," आई म्हणाली, आणि तीही हसायला लागली. मग बाबा. शेजारच्या रिक्षातला माणूस वाकून आत बघायला लागला, त्याला माकडटोपीतून खिदळणारं एक गाठोडं दिसलं असणार.

सेंटरमध्ये मला सोलायला वेळ लागला. मागच्या वेळचाच माणूस एकेक थर उतरवत म्हणाला, "ताई, आत पेशंट आहे ना नक्की?" या वेळी त्याने थंडीचं विचारल्यावर मी आईच्या आधी उत्तर दिलं, "नाही, उकडतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गाडीतून मॅडमकडे गेलो. फोटोत खांदे काळे होते. मान काळी. डाव्या हाडामागे काळं. मॅडमनी तिथे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "काही नाही. गाठ मेलेली आहे. संपलं."

"आणि हे?" बाबांनी डोक्याकडे बोट दाखवलं. ते लख्ख पेटलेलं होतं.

"मेंदू साखर खातोच."

"म्हणजे डोकं चालतंय," बाबा म्हणाले आणि घाईने खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

परतीच्या वाटेवर हीटर चालूच होता. बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. आत्या फोनवर कुणाला तरी सांगत होती, "काळं, अगदी काळं कुळकुळीत आलंय!" आणि पलीकडच्या बाईला त्यात आनंद कशाचा ते समजत नव्हतं. द्वारकेला गाडी थांबली तशी मी टोपी काढली आणि काच खाली केली. गार वाऱ्याचा झोत थेट डोक्यावर आला.

"काच लाव गं!" आत्या फोन सोडून ओरडली.

"राहू दे तिला," आई म्हणाली.

माझे पेरभर केस उभे राहिले. अंगावर काटा आला. खांद्यांच्या आत, कण्याच्या कडेने, ती चरबी आता पेटली असणार. मी काच आणखी खाली केली.