न बांधलेल्या बुटाच्या नाड्या

मागच्या महिन्यात सांबऱ्याला मोटारींची शर्यत होती. तिथं जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही...

युद्ध संपल्यापासून सांबऱ्याची विमानांची धावपट्टी बरीचशी रिकामीच असते. बेळगावातल्या काही हौशी मोटारवाल्यांनी परवानगी काढली आणि शर्यत ठरवली. आमच्या निपाणीतून धनपालअण्णा उतरले. तंबाखूच्या वखारीचे मालक, पण जीव सगळा मोटारीत. गाडी सांभाळायला आम्ही दोघं... मी आणि आमच्या गॅरेजचे मेस्त्री रामाप्पा.

रामाप्पांबद्दल आधी सांगायला हवं. आमच्याकडे सगळे अनवाणी नाहीतर वहाणा घालून काम करायचे. रामाप्पांनी ते बंद केलं. बेळगावच्या कॅम्पात जुने लष्करी बूट विकायला निघाले तेव्हा स्वतः जाऊन सगळ्यांसाठी घेऊन आले. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "मालक दुसरी गाडी घेतील. तू दुसरा पाय कुठनं आणशील?"

शर्यतीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पट्टीच्या कडेला चुन्यानं चौकोन आखले होते, गाडी थांबवून पेट्रोल-पाणी भरायला. साहेबलोक त्या जागेला पिट म्हणत होते. अण्णांची गाडी झकास पळत होती, पुढं फक्त एक गाडी...

गाडी इतक्यात येत नाही असं बघून रामाप्पा एका खोक्यावर टेकले. घोट्याला फोड आला होता, म्हणून नाड्या सोडून बूट सैल केले. "जरा वारा लागू दे," म्हणाले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात अण्णांची गाडी अचानक पट्टी सोडून आमच्याकडे वळली. बॉनेटमधून वाफ निघत होती. रामाप्पा उठले आणि तसेच धावले... नाड्या मागं लोळत होत्या.

बॉनेट उघडून त्यांनी हाताला पोतं गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवायला घेतलं. तोंड बाजूला, अंग मागं, नेहमीसारखं सगळं जपून. झाकण सुटलं, पाणी उसळलं. ते मागं सरकायला गेले आणि आपल्याच नाडीवर पाय पडला. बंपरपुढंच ते धपकन खाली पडले... आणि उकळतं पाणी सरळ उजव्या बुटात शिरलं. सैल सोडलेल्या बुटाचं तोंड उघडंच होतं.

रामाप्पा ओरडले नाहीत. घशातून नुसता एक आवाज आला. माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मला एकच सुचलं, बूट काढायचा. मी टाच धरली आणि हिसका देणार, तोच कुणीतरी माझं मनगट घट्ट पकडलं. इरकली लुगडं नेसलेली एक मध्यमवयीन बाई, बघ्यांच्या गर्दीतून दोराखालून आत आलेली.

"एळीब्याड्री," ती कानडीत म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीत, "ओढू नका. मोजा कातड्याला चिकटलाय, समदं संगट येईल. आधी गार पाणी वता."

गार पाणी होतं... पण ते गाडीसाठी राखलेलं. ते ओतलं की गाडी जागेवरच राहणार. मी अण्णांकडं बघितलं, तर त्यांनी डबा उचललाही होता. मालक माणूस, धुळीत गुडघे टेकून मेस्त्रीच्या बुटात पाणी ओतत होता. डबा संपल्यावर शेजारच्या चौकोनातल्या लोकांनी आपलं पाणी आणून दिलं.

पुष्कळ पाणी ओतून झाल्यावर बाईनं माझ्याकडून चाकू घेतला. ते जाडजूड लष्करी चामडं तिनं वरपासून खालपर्यंत चिरलं आणि बूट दोन्ही बाजूंना उघडला. मोजा कडेकडेनं कापला, चिकटलेला भाग तसाच ठेवला. आतला पाय लाल असेल असं मला वाटलं होतं... तो पांढराफटक पडला होता.

अण्णा म्हणाले, "माझ्यामुळं झालं, मेस्त्री. मी न सांगता आत आलो."

रामाप्पांचे डोळे मिटलेले होते. "न्हाय अण्णा. गाडी कवाबी येणारच. नाड्या माझ्या हुत्या... बांधायचं काम माझं हुतं."

बाईनं अण्णांचं उपरणं भिजवून पायावर हलकेच टाकलं. एका गृहस्थांच्या मोटारीतून आम्ही रामाप्पांना बेळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, "बूट कुणी कापला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ओढला असता तर घोट्यापासून कातडं सोलून निघालं असतं. मग पायाची खात्री मी दिली नसती."

आणि ती टाच माझ्याच हातात होती...

शर्यत कोण जिंकलं ते आम्ही अजून विचारलेलं नाही. गॅरेजात मात्र आता कामाला हात लावण्याआधी प्रत्येक जण वाकून आपल्या नाड्या बघतो. कुणी कुणाला सांगत नाही.

परवा रामाप्पा काठी टेकत आले. स्टुलावर बसून कार्ब्युरेटर साफ केला, चहा घेतला आणि आपल्या पायांनी घरी गेले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो.

त्या बाईचं नाव विचारायचं धांदलीत राहूनच गेलं. सांबऱ्यात जाऊन चौकशी केली. कुणी म्हणालं सुईण आहे, कुणी म्हणालं चिकोडीकडची पाहुणी, नुसती शर्यत बघायला आलेली...

आक्का, तुम्ही जिथं असाल तिथं सुखी असा. त्या दिवशी तुम्ही रामाप्पांचा पाय वाचवलात, आणि माझे हातही.