कॅन्टीनच्या दिवशी येणारी बाई

नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. पण दोन हजार सालानंतरची एक साधी अर्जचौकशी अजून पाठ सोडत नाही.

कोल्हापुरात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सलग बंदोबस्ताने जीव मेटाकुटीला आलेला, त्यात फौजेतून निवृत्त झालेला साताऱ्याकडचा एक हवालदार अर्ज घेऊन आला. नव्वदच्या दशकात आफ्रिकेत शांतिसेनेत त्याच्यासोबत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातला एक जवान होता. पुढे ताटातूट झाली. जुन्या फौजींनी इंटरनेटवर ग्रुप काढला, तिथे तो पुन्हा सापडला. लाल धूळ, डब्यातलं मटण, रात्रीचे पहारे अशा आठवणी वर्षभर चालल्या. मित्र भेटायचं मात्र टाळायचा. शेवटी हा न सांगता त्याच्या गावी गेला, तर उघड्या दारातून भिंतीवर मित्राचा हार घातलेला फोटो दिसला. मित्र जाऊन तीन वर्षं झाली, असं शेजाऱ्याने सांगितलं; हा घरात न शिरताच परतला.

"सायेब, मग मी कुणाशी बोलत हुतो?"

"पैसे मागितले का त्याने?"

"न्हाय."

"मग तक्रार कशाची?"

त्याने अर्ज पुन्हा माझ्यापुढे सरकवला. आवाज रागाचा, पण नजर चुकवत होता. अशा वेळी तक्रारदाराच्याच पोटात काहीतरी असतं, हे अनुभवाने कळतं.

चौकशीत कळलं, मित्राच्या नावाचे मेसेज आमच्या हद्दीतल्या एका इंटरनेट कॅफेतून गेले होते. मालक आधी उडवाउडवी करू लागला, "हितं कॉलेजची पोरंच येत्यात की!" कॅफेला सील ठोकायचं नाव काढताच सरळ झाला.

"एक बाई येत्यात, म्हैन्यातनं एकदा. हातात मिलिटरी कॅन्टीनची पिशवी असती. टाइप करत्यात, डोळं पुसत्यात अन् जात्यात."

मित्राचं उत्तरही महिन्याला एकच यायचं. पुढच्या कॅन्टीनच्या दिवशी, म्हणजे फौजींच्या घरच्यांना महिन्याचं स्वस्त सामान मिळतं त्या दिवशी, महिला कॉन्स्टेबल तिला ठाण्यात घेऊन आली. हवालदारालाही बोलावलं होतं. ती त्या जवानाची विधवा होती. तिने काहीच नाकारलं नाही.

"कॅफेतल्या पोरानं फौजींचा ग्रुप दावला, तितं त्यांचं नाव घिऊन कुणीतरी इचारलं हुतं, कुठं हाईस रं? गेलं म्हणून लिवायला हात धजंना, मग त्यांच्याच नावानं लिवलं. पाय गेल्यावर ते घरी आफ्रिकेचंच सांगत बसायचं, ते सगळं पाठ हुतं मला."

हवालदार खाली बघत म्हणाला, "वैनी, गोळीबारात मी त्याला टाकून पळालो, म्हणून त्याचा पाय गेला. कुणाला बोललो नव्हतो, फक्त त्यालाच लिवलं. उत्तर आलं, कवाच माफ केलंय. ती माफी कुणाची?"

"त्यांनी मरस्तवर तुमाला नावं ठेवली न्हाईत. पर माफी म्या लिवली. नऊ वर्षं त्या तुटक्या पायाची जखम म्या धुतलीया, भावजी. माफ करायचा हक माझा न्हाय तर कुणाचा?"

मला फार वाईट वाटलं, त्याहून थकल्यासारखं वाटलं. सत्य शोधणं आमचं काम, पण ते हातात आल्यावर माणसांनी जगायचं कसं, हे आम्हाला कोणी शिकवत नाही, एवढं त्या केसने शिकवलं.

हवालदाराने तक्रार नसल्याचा जबाब दिला. बाईंनी पिशवी उचलली आणि दारातून त्याला विचारलं, "मग ग्रुपवर सांगू का, ते गेलं म्हणून?"

तो उठून दारापर्यंत आला. मग म्हणाला, "ह्या म्हैन्यात नको, वैनी."